गाडी रुसली... पण केव्हा?

कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलाकडे जाणारा तो लांबलचक उतार सुरू होतो, माहितीये ना? पुण्यातल्या कुठल्याही गाडीवाल्यासमोर त्याचं नाव काढा, तो आधी मान हलवेल. तर त्याच उतारावर, रविवारी संध्याकाळी, मागून दोन कंटेनर येत असताना आमच्या गाडीने मान टाकली.

स्फोट नाही, धूर नाही. आधी दोन-चार झटके, मग ॲक्सिलरेटर दाबला तरी काहीच नाही आणि मग एकदम शांतता... गाडी बाबा चालवत होते. मी शेजारी आणि आई मागे, वाईच्या ढोल्या गणपतीचा प्रसाद मांडीवर घेऊन. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच टिकते, हे मला त्या दिवशी थिअरीत नाही, डायरेक्ट प्रॅक्टिकलमध्ये कळलं. बाबांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत गाडी कशीबशी डाव्या कडेला घेतली. कंटेनर हॉर्न ठणाणा वाजवत निघून गेले. पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "पेढा घ्या."

वीस मिनिटांनी सेल्फ मारला, तर गाडी अशी स्टार्ट झाली की जणू काही झालंच नव्हतं!

"काका, पंप गेला"

आता गाडीची ओळख. लाल हॅचबॅक, २००८ चं मॉडेल. बाबांनी बँकेतून कर्ज काढून घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी. मी तिच्यात ड्रायव्हिंग शिकले, तिच्याच मागच्या सीटवर झोपून बारावीच्या क्लासहून घरी आले. २०२३ मध्ये पंधरा वर्षं झाली तेव्हा बाबांनी आरटीओत खेटे घालून तिचं पुन्हा पासिंग करून आणलं. थोडक्यात, ती गाडी नाही, घरातली मेंबर आहे. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मी कामाच्या मागे मुंबईत. त्यामुळे ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठ महिने नुसती उभी होती.

सोमवारी गाडी जवळच्या एका चकाचक गॅरेजमध्ये नेली. कॉम्प्युटर, एसी वेटिंग रूम, कॉफीचं मशीन... सगळं होतं. तिथल्या मुलाने गाडी दोन मिनिटं रेज केली आणि निकाल दिला, "काका, फ्युएल पंप गेला." बिल ७,२०० रुपये. पुढच्या शनिवारी आम्ही शिरवळपर्यंत ट्रायल मारायला गेलो आणि येताना गाडी पुन्हा बंद! मग प्लग आणि कॉइल बदलले. आणखी ३,४०० रुपये. चार दिवसांनी बाबा एकटेच तळेगावला निघाले आणि गाडी पुन्हा बंद!

तिसऱ्या वेळेला त्या मुलाने खांदे उडवले. "गाडीत काही नाही काका. तुमच्या चालवण्यात काहीतरी होतंय. वय झालं की क्लच-ॲक्सिलरेटरचं टायमिंग चुकतं."

बाबा घरी आले, किल्ली की-होल्डरला अडकवली आणि म्हणाले, "विकून टाकू. नाहीतर भंगारात देऊ." ते एवढंच बोलले. पण मी त्यांची मुलगी आहे, मला कळतं. गाडी जुनी झाली असं ते म्हणत नव्हते. आपण जुने झालो असं म्हणत होते.

बास! माझी सटकली ती तिथे.

हाताला येईल तो संशयित

मग सुरू झालं रिसर्च. पहिला संशयित अर्थातच सगळ्यांचा लाडका : इथेनॉल. फॅमिली ग्रुपवर काकांपासून भाच्यापर्यंत सगळे एकमुखाने, "ई-२० मुळेच होतंय हे." यात तथ्य नाही असं नाही हं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला २०२३ मध्ये सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. २००८ ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच अशा जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुने रबरी पाइप आणि वायसर त्याने कडक किंवा मऊ पडू शकतात आणि टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकू शकतो. सो, जुन्या गाडीचे पेट्रोलचे पाइप आणि फिल्टर एकदा तपासून घ्याच.

पण मुद्दा असा, की इथेनॉल काय फक्त हायवेवर असतं का? सिंहगड रोडवर रोज तेच पेट्रोल टाकून गाडी मस्त चालत होती!

दुसरा उपाय : ऑनलाइन ९०० रुपयांना मागवलेला छोटासा ब्लूटूथ स्कॅनर. गाडीला लावा, मोबाइलवर रोग वाचा. मी जाम एक्साइटेड. पण आमच्या बाईसाहेब त्याच्याशी बोलायलाच तयार नाहीत. का? तर आपल्याकडे गाडीने स्वतःचा आजार ठरावीक भाषेत सांगायचा, हा ओबीडीचा नियम सक्तीचा झाला तो २०१० पासून टप्प्याटप्प्याने. आमची २००८ ची. म्हणजे तिच्या जमान्यात पेशंटने बोलायचं नसतं, डॉक्टरने नाडी पाहायची असते!

मामांचा एकच प्रश्न

नाडी पाहणारे डॉक्टर सापडले नारायण पेठेत. बाबांच्या स्कूटरच्या काळापासूनचे मेकॅनिक. त्यांना सगळे मामाच म्हणतात. गॅरेज म्हणजे एक शटर, एक खड्डा आणि एक रेडिओ. मी त्यांना धाडधाड सगळं सांगितलं, "मामा, झटके देते, मग बंद पडते, पंप बदलला, प्लग बदलले, कॉइल बदलली..."

त्यांनी हात वर केला. "पोरी, काय होतं ते सांगितलंस. काय बदललं ते पण सांगितलंस. केव्हा होतं, ते सांग ना."

"केव्हा म्हणजे? कधीही!"

"कधीही असं काही नसतं. पेट्रोल टाकीतून इंजिनपर्यंत रोज एकाच रस्त्याने जातं. अडलं तर एका ठरावीक जागी अडतं. केव्हा अडतं ते कळलं, की कुठे अडतं ते कळतं."

मग त्यांनी खडूने जमिनीवर तो रस्ताच काढून दाखवला. टाकीच्या आत पंप. पंपाच्या तोंडाला जाळी. तिथून फिल्टर. फिल्टरमधून पाइपने इंजिनपाशी एका नळीत, आणि त्या नळीतून प्रत्येक सिलिंडरसाठी एक इंजेक्टर. एमपीएफआय गाडीत या सगळ्या रस्त्यात साधारण ३ बारचं प्रेशर लागतं, म्हणजे आपण टायरमध्ये भरतो त्याहून जास्त. प्रेशर पडलं की इंजेक्टर उघडतात, पण पुरेसं पेट्रोल उडत नाही. आधी झटके, मग पिकअप गायब, मग राम राम.

"आणि पेट्रोल नसून करंट गेला असेल तर?" मी हुशारी दाखवली.

"छान विचारलंस. पेट्रोल कमी पडलं तर गाडी तडफडून मरते. करंट गेला तर खटकन मरते. आणि बंद पडताना आरपीएमचा काटा बघायचा. गाडी गिअरमध्ये पळतीये, चाकं इंजिनला फिरवतायत, तरी काटा एकदम शून्यावर पडला, तर सेन्सर नाहीतर वायरिंग बघ. काटा हळूहळू उतरला, तर पेट्रोल बघ."

आमची तडफडली होती. म्हणजे प्लग-कॉइलचे ३,४०० पाण्यात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

डायरीतला क्लू

आता 'केव्हा' कुठून आणायचं? तेव्हा बाबा, जे इतका वेळ स्टुलावर गप्प बसले होते, उठले आणि गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक डायरी काढून आणली. तुमच्याही बाबांची असेल बघा अशी डायरी. बँकेची, निळ्या रेक्झिनची. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये... पहिल्या दिवसापासून प्रत्येक थेंबाचा हिशोब. मी कॉलेजात असताना या डायरीवरून त्यांची किती टिंगल केलीये! आणि बंद पडल्याच्या तिन्ही वेळासुद्धा बाबांनी तिथे टिपून ठेवल्या होत्या.

मामांनी चष्मा लावला. पहिल्यांदा : शिरवळला टाकी फुल, पाऊण तासात बंद. दुसऱ्यांदा : पुन्हा शिरवळ, पुन्हा फुल, पन्नास मिनिटांत बंद. तिसऱ्यांदा तळेगाव : टाकी अर्धी, आणि गाडी बंद पडली जवळजवळ दीड तासाने. शहरात, वीस-पंचवीस मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये : एकदाही नाही.

मामा हसले. "साहेब, हा पंप नव्हता हो."

आणि त्यांनी सांगितलेलं लॉजिक ऐका. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडलेला असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. तो म्हातारा झाला की टाकी रिकामी असताना जास्त कुरकुरतो, कारण गरम होतो. जाळीत कचरा असेल तरी कमी पेट्रोलमध्ये, वळणावर, चढावर त्रास. आमचं नेमकं उलट. टाकी जितकी भरलेली, तितकी गाडी लवकर बंद!

"भरलेल्या टाकीत काय कमी असतं?" मामांनी विचारलं.

मी बाबांकडे, बाबा माझ्याकडे. उत्तर दिलं आईने, जी खरं तर कंटाळून फक्त चहाची वाट बघत होती. "हवा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं पाडावंच लागतं."

मामांनी खडू खाली ठेवला. "वहिनी, या तुम्ही गॅरेजला."

फुस्स!

टाकीतून पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही तर आत पोकळी तयार होते. पंप ओढत राहतो, पण त्याच्या तोंडाशी पेट्रोलऐवजी वाफेचे बुडबुडे येतात आणि प्रेशर कोसळतं. टाकी फुल असली की वर हवेची जागा इवलीशी, म्हणून पोकळी झटपट वाढते. टाकी अर्धी असली की वेळ लागतो. आणि गाडी थोडा वेळ उभी ठेवली, की कुठल्या तरी फटीतून हवा हळूहळू आत झिरपते आणि बाईसाहेब पुन्हा फ्रेश!

पण मामा नुसत्या थिअरीवर बिल लावणाऱ्यातले नाहीत. त्यांनी पेट्रोलच्या पाइपमध्ये प्रेशर गेज जोडला, त्याची तबकडी बाहेर काचेवर वायपरखाली अडकवली, टाकी फुल केली आणि बाबांना म्हणाले, "चालवा साहेब. तुम्हीच."

आम्ही मुद्दाम हायवे टाळून पानशेतच्या रस्त्याला लागलो. काटा ३ वर, ठाम. खडकवासला गेलं, ३. पस्तीस मिनिटं झाली, ३. मग पाऊणे तीन... अडीच... दोन... गाडीने पहिला झटका दिला. "डावीकडे घ्या. इंजिन बंद. आता ढक्कन उघडा."

बाबांनी टाकीचं ढक्कन फिरवलं. फुस्सऽऽ... अशी हवा आत गेली की रस्त्यावरचं कुत्रं दचकून उठलं! ढक्कन लावलं, स्टार्ट केलं. काटा परत ३ वर.

बाबांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

कुंभारणीचं घर

आता शेवटचा प्रश्न. हवा जायचा रस्ता बंद कुणी केला? तर इथे दोन गुन्हेगार होते.

पहिले आम्ही. ओरिजिनल ढक्कनात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आत पोकळी झाली की तो उघडून हवा आत घेतो. आमचं ओरिजिनल ढक्कन चार वर्षांपूर्वी पेट्रोल भरताना टपावर राहिलं आणि वाटेत कुठे तरी पडलं. बाबांनी ॲक्सेसरीजच्या दुकानातून लॉकवालं, चकचकीत ढक्कन आणलं. त्यात व्हॉल्व्हच नव्हता. पण तेव्हा काही बिघडलं नाही, कारण दुसरा रस्ता उघडा होता. टाकीतून एक नळी बॉनेटखाली कोळशाच्या डब्यापर्यंत येते. कार्बन कॅनिस्टर म्हणतात त्याला. पेट्रोलची वाफ हवेत न जाता तिथे अडकते आणि नंतर इंजिन ती ओढून जाळतं. त्या डब्याला खाली बाहेरची हवा घेणारी एक नळी असते.

मामांनी ती नळी काढली, टोकाशी तार घातली आणि तळहातावर ठोकली. कडक वाळलेली माती पडली!

आपल्या घरात खिडकीच्या चौकटीत, सॉकेटच्या भोकात मातीचं घर बांधणारी ती कुंभारीण माशी असते ना, तिचा उद्योग. गाडी आठ महिने उभी, नळी तिच्या मापाची. तिने बाळंतपण केलं आणि आमचा श्वास बंद केला. म्हणजे ढक्कनाने दार बंद केलं होतं, खिडकी उरली होती, ती माशीने लिंपून टाकली. वर इंजिन त्याच डब्यातून वाफ ओढत होतं, त्याने पोकळी आणखी वाढली.

हसू नका! २०११ मध्ये माझदा कंपनीने याच भानगडीपायी अमेरिकेत आपल्या 'माझदा ६' या मॉडेलच्या पन्नास हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. तिथे गुन्हेगार होता एक पिवळा कोळी. त्याला म्हणे पेट्रोलचा वास आवडतो. तो याच हवेच्या नळीत जाळं विणायचा, टाकीत पोकळी व्हायची आणि टाकीला तडा जाऊन पेट्रोल गळायची भीती असायची. २०१४ मध्ये पुन्हा त्याच कोळ्यासाठी आणखी सुमारे ४२ हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. तेव्हा आमची कुंभारीण एकदम इंटरनॅशनल कंपनीत आहे.

मामांचं बिल? नळी साफ, टोकाला बारीक जाळी, कंपनीचं व्हॉल्व्हवालं ढक्कन, मजुरी आणि ट्रायल मिळून १,१०० रुपये. त्याआधी आम्ही घालवले १०,६००. तो पैसा कुणी लुबाडला असं मी म्हणणार नाही. त्या मुलाने पार्ट खरे बसवले. त्याने फक्त 'केव्हा' विचारलं नाही. आणि जे त्याला सापडलं नाही, ते त्याने बाबांच्या वयाच्या खात्यावर मांडलं. माझा राग त्यावर आहे. पार्ट परत बदलता येतो. माणसाचा कॉन्फिडन्स गेला, की तो कुठल्या दुकानात मिळत नाही.

तुमच्या गाडीचं 'केव्हा'

तुमच्याही घरी दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल, बाबांची, दादाची किंवा तुमची पहिली सेकंडहँड, तर गॅरेजला जाण्याआधी एवढं बघा :

*सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो?* किल्ली फक्त ऑनवर न्या, दोन सेकंद थांबा, बंद करा. असं तीनदा करा आणि मग स्टार्ट करा. लगेच सुरू झाली, तर रात्रभरात पाइपमधलं प्रेशर गळून जातंय. पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा टिपकणारा इंजेक्टर तपासायला सांगा.

*अजिबातच स्टार्ट होत नाही?* किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखाली कान द्या. 'ऊंऽऽ' असा दोन-तीन सेकंद आवाज आला पाहिजे. नाही आला तर पंप बदलण्याआधी फ्यूज, रिले आणि वायरिंग. फ्यूज काही रुपयांचा असतो, पंप हजारांचा!

*चढावर, ओव्हरटेक करताना दम लागतो?* फिल्टर, जाळी, मग पंप. याच क्रमाने, आणि प्रेशर मोजूनच.

*पेट्रोल कमी असतानाच त्रास?* जाळीत गाळ किंवा थकलेला पंप. कायम रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय सोडा.

*टाकी फुल केल्याबरोबर पहिल्या स्टार्टला खोकते?* कोळशाच्या डब्याचा पर्ज व्हॉल्व्ह बघा. आणि नोझल कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणणं बंद करा, जास्तीचं पेट्रोल त्या डब्यात जातं.

*फक्त सिग्नलला थरथरते, पळताना ठीक?* बहुतेकदा पेट्रोलचा नाही, हवेचा दोष. थ्रॉटल बॉडीतला कचरा किंवा फाटका व्हॅक्युम पाइप.

*फक्त पावसात मिसिंग?* आधी करंटची बाजू, मग पेट्रोलमधलं पाणी.

*काळा धूर, काळे प्लग?* पेट्रोल जास्त जातंय. *प्लग पांढरेफटक?* कमी जातंय.

आणि कार्ब्युरेटरवाली विंटेज ब्यूटी बाळगणाऱ्यांनो, तुमचं जग वेगळं. तिथे फ्लोट, नीडल, जेट आणि पंपाचा पडदा. घाटात गरम इंजिनजवळ पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते, म्हणून जुने फियाटवाले बॉनेट उघडून पंपावर ओला फडका ठेवायचे. तेही 'केव्हा'चंच उत्तर होतं!

आता सिरियसली. पेट्रोलचा पाइप स्वतः उघडायला जाऊ नका. बंद गाडीतही त्यात प्रेशर असतं, आणि गरम इंजिनवर पेट्रोलची पिचकारी म्हणजे थेट आग. ऐकणं, बघणं, लिहिणं तुमचं काम, पाना मेकॅनिकचा. पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवूच नका. आणि हायवेवर बंद पडलीच, तर आधी पार्किंग लाइट, गाडी डाव्या कडेला, गाडीच्या बऱ्याच मागे तो लाल त्रिकोण, आणि सगळ्यांनी उतरून रेलिंगच्या पलीकडे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. पेढा त्यानंतर.

गाडी विकायचं काय झालं? ठरवू. अठरा वर्षांच्या आसपासच्या गाडीला आज ना उद्या निरोप द्यावाच लागणार, हे बाबांनाही कळतं. पण ते तिच्या हिशोबाने ठरेल, नळीतल्या चिमूटभर मातीच्या हिशोबाने नाही.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा वाईला गेलो. येताना शिरवळला टाकी फुल. नवा बोगदा आला, मी श्वास रोखून बसले. बाबांनी तिसरा गिअर टाकला आणि डाव्या लेनमधून आरामात उतार उतरले. घरी आल्यावर पार्किंगमध्येच त्यांनी डायरी काढली. मी डोकावून पाहिलं. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये... आणि शेवटच्या रकान्यात, तिरक्या अक्षरात : 'काही नाही.'

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत बाबांच्या डायरीची टिंगल करू नका. आणि हो, आपल्या गाडीचं ढक्कन ओरिजिनल आहे का, बघून घ्या!